स्वमग्न मुलांची झोप : एक दुर्लक्षित प्रश्न



अहवालातील जमाखर्च, खाटांची संख्या आणि शस्त्रक्रियांचे तक्ते आपण दरवर्षी आस्थेने वाचता. या तक्त्यांत ज्याला स्वतंत्र रकाना नाही, अशा एका प्रश्नाविषयी यंदा चार शब्द लिहावेत असे मनात आले. प्रस्तुत लेखक वैद्यकीय क्षेत्रातील नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून त्याचे बहुतेक आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले आहे. तथापि कार्यालयात बसून जे दिसते, आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून व वाचनातून जे समजले, ते सामान्य वाचकाला उमजेल अशा भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

या लेखास निमित्त झाली ती माझ्याच हातून घडलेली एक चूक. पावसाळ्यातील एका सोमवारी बाह्यरुग्ण विभागात नेहमीप्रमाणे गर्दी होती. इंदापूर तालुक्यातील एका गावाहून एक माता आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मुलगा दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडत होता, बाकाखाली शिरत होता, कोणी हात लावला की अंग टाकून देत होता. इतरांनी तक्रार केली तेव्हा मी बाहेर आलो आणि त्या बाईंना काहीशा कठोर स्वरात म्हणालो, "मुलगा आवरत नसेल तर बाहेर घेऊन बसा." त्या काही न बोलता उठल्या. तासाभराने आवारातून जाताना पाहिले, तो कडुनिंबाखाली तो मुलगा एका मोडक्या ढकलगाडीचे चाक फिरवीत शांत बसला होता आणि आईला बुंध्याला टेकून गाढ झोप लागली होती. तिच्या पदराचे टोक मुलाच्या मनगटाला बांधलेले होते. माझी चाहूल लागताच ती दचकून जागी झाली आणि म्हणाली, "सायब, तीन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा न्हाई. मी झोपले की ह्यो पाटाकडं पळतो."

त्या दिवशी त्या मुलाला प्रथम तपासून घेतले. त्यानंतर आपल्या डॉक्टरांनी मला जे समजावून सांगितले, त्यातून पुढील माहिती संकलित केली आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि या अवस्थेला वैद्यकशास्त्रात वेगळे स्थान मिळाले. इंग्रजीतील ऑटिझम या शब्दासाठी मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. स्वमग्नता हा संसर्गजन्य आजार नव्हे व वेडही नव्हे. मेंदूची जडणघडणच निराळ्या पद्धतीने झाल्यामुळे बोलणे, इतरांशी संवाद साधणे, दुसऱ्याच्या मनातील ओळखणे या गोष्टी अशा मुलांना कठीण जातात. तीच ती हालचाल वा खेळ पुन:पुन्हा करणे, ठरलेल्या क्रमात बदल सहन न होणे आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांविषयी अतिसंवेदनशील किंवा उलट बेफिकीर असणे, ही तिची इतर लक्षणे होत. काही मुले मुळीच बोलत नाहीत, तर काही शाळेत उत्तम गुण मिळवितात.

आईची माया कमी पडल्याने मूल असे होते, हा समज पाश्चात्त्य देशांतही अनेक वर्षे होता. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी, जे स्वत: एका स्वमग्न मुलाचे वडील होते, १९६४ साली ग्रंथ लिहून तो खोडून काढला. आपल्याकडे मात्र सासर-माहेरची बोटे आजही आईकडेच वळतात. मराठीतील ख्यातनाम लेखक श्री. अच्युत गोडबोले यांनी 'मुसाफिर' या आत्मचरित्रात आपल्या मुलाच्या स्वमग्नतेविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. अशा लेखनाने घरोघरीचा संकोच दूर होण्यास मदत होते.

झोपेचा प्रश्न किती मोठा?

वयाच्या तीन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाची डुलकी धरून १० ते १३ तास, आणि सहा ते बारा वर्षांपर्यंत ९ ते १२ तास झोप मुलांना आवश्यक असते, असे अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ मध्ये नमूद केले. स्वमग्न मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना झोपेचा काही ना काही त्रास असतो, असे बहुतेक अभ्यासांत आढळले आहे. कोणाला अंथरुणावर पडल्यावर दोन-दोन तास झोप लागत नाही, कोणी रात्री दोनला उठून पहाटेपर्यंत जागे राहते, तर कोणाचा दिवस पहाटे साडेतीनलाच सुरू होतो. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील मुलांच्या दीर्घकालीन पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, स्वमग्न मुले अडीच ते अकरा वर्षांच्या वयात इतर मुलांपेक्षा दररोज १७ ते ४३ मिनिटे कमी झोपतात असे दिसले. ही संख्या लहान वाटेल. परंतु रोज अर्धा तास तूट धरली तरी वर्षाकाठी ती १८० तासांवर जाते, हे हिशेब ठेवणाऱ्यास सांगावे लागत नाही.

या तुटीचे परिणाम दिवसा दिसतात. झोप अपुरी झालेले मूल अधिक चिडते, स्वत:ला चावते, शिकविलेले विसरते. पालकांना वाटते की स्वमग्नताच वाढली. कित्येकदा वाढलेली असते ती थकावट. कडुनिंबाखाली शांत बसलेला मुलगा तासाभरापूर्वी गर्दीत का ओरडत होता, हे मला तेव्हा उमगले.

झोप का लागत नाही?

मेंदूच्या तळाशी एक जैविक घड्याळ आहे. डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशावरून ते दिवस-रात्र ओळखते आणि अंधार पडल्यावर पीनियल ग्रंथीतून मेलॅटोनिन नावाचा स्राव वाढवून शरीराला विश्रांतीची सूचना देते. अनेक स्वमग्न मुलांत या स्रावाचे प्रमाण वा त्याची वेळ बिघडलेली असते. शिवाय इतर मुले घरातील निजानीज पाहून 'आता झोपायचे' हे आपोआप ओळखतात. स्वमग्न मुलाला तो संकेत वाचता येत नाही. पंख्याची खरखर, चादरीची शिवण, शेजारच्या खोलीतील दिवा अशा किरकोळ गोष्टीही त्याला जागे ठेवण्यास पुरेशा होतात.

आपल्या बारामती-इंदापूर परिसराची यात आणखी भर पडते. शेतीपंपांची वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, मिळत आली आहे. सौर योजनांमुळे दिवसा वीज मिळणारे शेतकरी वाढत असले, तरी रात्री उसाला पाणी देण्यासाठी बॅटरी घेऊन बाहेर पडणारा बाप हे दृश्य संपलेले नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर गाणी वाजवीत रस्त्याने जातात. औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. इतर मुले हे सारे झोपेत पचवितात. ज्या मुलाला क्रमातील लहानसा बदलही सोसत नाही, त्याची रात्र मात्र अशा घरात रोज नव्याने विस्कटते.

प्रथम शारीरिक कारणे तपासावीत

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या संस्थेने २०२० मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांतील पहिली पायरी म्हणजे झोप मोडणारे दुसरे दुखणे अथवा चालू औषध कारणीभूत नाही ना, हे पाहणे. बोलता न येणारे मूल पोट दुखते असे सांगू शकत नाही. ते रात्री उठून रडते. बद्धकोष्ठता, आम्लपित्त, दातदुखी, कान फुटणे, रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे कृमी, टॉन्सिल वाढल्याने घोरणे व श्वास अडखळणे, झोपेत येणारे अपस्माराचे झटके, या सर्वांची चौकशी व्हावयास हवी. शरीरातील लोहाचा साठा कमी असल्यास रात्री पाय अस्वस्थ होतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला, ही बाब येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. बहुतेक स्वमग्न मुले अन्नाच्या बाबतीत फार निवडक असतात, त्यामुळे त्यांच्यात ही उणीव सहज राहून जाते.

झोपेची वही

डॉक्टर पालकांना दोन आठवडे एक वही ठेवण्यास सांगतात. मूल कितीला अंथरुणावर गेले, कितीला झोपले, रात्री कितीदा उठले, सकाळी कितीला जागे झाले, दिवसा झोपले काय, सायंकाळी काय खाल्ले-प्याले, एवढीच नोंद. आम्हा हिशेबनीसांच्या भाषेत ही झोपेची कीर्द होय. 'हा रात्रभर झोपतच नाही' असे सांगणाऱ्या घरात वही पाहिल्यावर पुष्कळदा असे आढळते, की मूल दुपारी चार ते सहा झोपते, सातला कपभर चहा घेते आणि दहापर्यंत मोबाइल पाहते. कारण सापडले की उपायही सापडतो. लिहिता न येणाऱ्या मातांसाठी चंद्र, सूर्य व पेला यांची चित्रे असलेले तक्ते वापरता येतात.

घरी करता येण्याजोगे उपाय

१. उठण्याची वेळ पक्की करावी. रात्र कशीही गेली असली तरी सकाळी ठरल्या वेळी उठवावे आणि अर्धा तास अंगणातील उजेडात न्यावे. जैविक घड्याळ सकाळच्या प्रकाशानेच लावले जाते.

२. चहा दुपारनंतर बंद करावा. आपल्याकडे लहान मुलांनाही चहा देण्याची रीत आहे. चहातील कॅफीन कित्येक तास शरीरात राहते. झोपेपूर्वी किमान एक तास मोबाइल व दूरदर्शन संच बंद असावेत.

३. निजण्याचा क्रम ठरवावा. हातपाय धुणे, कपडे बदलणे, दूध, एकच ठरलेले गाणे किंवा गोष्ट, दिवा मालवणे, असा अर्ध्या तासाचा क्रम रोज तोच ठेवावा. प्रत्येक कृतीचे चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला लावावे. स्वमग्न मुले ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले लवकर समजून घेतात. वडील रात्री पाण्यावर जाणार असतील, तर त्यांचे जाणेही एक चित्र म्हणून त्याच क्रमात घालावे.

४. झोपेची वेळ सावकाश अलीकडे आणावी. मुलाला प्रत्यक्षात अकराला झोप येत असेल, तर नऊ वाजता अंधारात दोन तास झगडू नये. काही दिवस अकराच्या सुमारासच अंथरुणावर न्यावे. झोप पटकन लागू लागली की दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे मागे यावे.

५. आईचा सहवास हळूहळू दूर करावा. आरंभी शेजारी निजावे, मग शेजारी बसावे, मग दाराशी. आपल्या एक-दोन खोल्यांच्या घरांत स्वतंत्र खोलीचा आग्रह धरणे व्यर्थ आहे. तरी एक कोपरा केवळ झोपेसाठी राखता येतो.

हे उपाय सुरू केल्यावर पहिला आठवडा बहुधा अधिक कठीण जातो. रडणे वाढते आणि घरातील वडीलधारे 'लेकराला कशाला छळता' म्हणून क्रम मोडतात. म्हणून आजी-आजोबांना प्रारंभीच विश्वासात घ्यावे. आपल्या घरांत रात्रीची निम्मी जबाबदारी आजीच्या हाती असते. तिला पटले, तर निम्मे काम झाले.

जड पांघरुणाविषयी अनेक जण विचारतात. आपल्या गोधडीचे वजन काही मुलांना खरोखर आवडते. परंतु वजनदार पांघरुणांची इंग्लंडमध्ये शास्त्रीय चाचणी घेतली गेली, तेव्हा मुलांना व पालकांना ती पसंत पडली तरी झोप वाढल्याचे दिसले नाही. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. घरची गोधडी मुलाला प्रिय असेल तर जरूर द्यावी, मात्र त्यासाठी महागडी खरेदी करू नये.

औषधांविषयी

मुंबईच्या गिरणी वस्त्यांत एके काळी कामकरी माता तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन झोपवीत. आज तिची जागा खोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या औषधाने घेतलेली अधूनमधून दिसते. हे घातक आहे. त्याने श्वास मंदावू शकतो. वर्तनविषयक उपाय अपुरे पडल्यास मेलॅटोनिनचा विचार करावा, असे उपरोक्त सूचनांत म्हटले आहे. अल्प मात्रेपासून आरंभ करून, निजण्यापूर्वी अर्धा ते एक तास, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याने झोप लवकर लागण्यास बऱ्याच मुलांत मदत होते. स्वमग्नता त्याने जात नाही. कॅनडातील संशोधकांनी २०१७ मध्ये बाजारातील मेलॅटोनिनच्या ३१ उत्पादनांची तपासणी केली, तेव्हा अनेकांत वेष्टनावरील आकड्यापेक्षा फार कमी किंवा कित्येक पट अधिक औषध आढळले. म्हणून दुकानातून स्वत:च्या मनाने गोळी आणू नये.

कोणी अंगारा लावतो, कोणी दृष्ट काढतो. आईच्या मनाला त्याने धीर येत असेल तर आमचे काही म्हणणे नाही; फक्त त्यापायी तपासणी लांबणीवर पडू नये.

पाण्याचा धोका

हा मुद्दा मी मुद्दाम स्वतंत्र लिहीत आहे. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते, आणि घर सोडून निघून जाण्याची सवयही असते. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मृत्यूच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्वमग्न मुलांत बुडून मृत्यू येण्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असल्याचे दिसले. आपल्या तालुक्यांतून नीरा डावा कालवा वाहतो, इंदापूरच्या उत्तरेस उजनीचा फुगवटा आहे, आणि रानोमाळ विहिरी व प्लास्टिक अंथरलेली शेततळी आहेत. शेततळ्याच्या निसरड्या उतारावरून पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर येणे कठीण जाते. मूल रात्री जागते आणि घर झोपलेले असते, तेव्हा हा धोका सर्वाधिक असतो.

यास्तव दाराला मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर कडी लावावी व दारास घुंगरू बांधावे. शेततळ्याला कुंपण घालून आत दोर सोडून ठेवावा. शेजाऱ्यांना मुलाची कल्पना द्यावी. मूल दिसेनासे झाल्यास इतरत्र शोधण्याआधी पाण्याकडे धावावे. मुलाच्या मनगटाला पदर बांधून झोपणाऱ्या आईने तिच्यापरीने हेच केले होते. फरक इतकाच, की कडी आणि घुंगरू लावल्यास तिलाही थोडे झोपता येते.

शासकीय सोयी

२०१३ मध्ये पालघर येथून प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी होते. शंका असल्यास पालकांनी त्या पथकास आवर्जून सांगावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश असून त्याचे प्रमाणपत्र मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचाही अंतर्भाव आहे. अर्ज भरण्यास आपले कार्यालय साहाय्य करते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे, हेही गावकऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आपणांस विनंती

त्या सोमवारनंतर आम्ही एक नियम केला. स्वमग्न मुलास क्रमांकाची वाट पाहावी लागत नाही. आल्याबरोबर त्यास आत घेतले जाते. यास एक पैसाही खर्च आला नाही. आता विश्वस्त मंडळापुढे दोन लहान प्रस्ताव आहेत. पहिला, बाह्यरुग्ण विभागालगत एक शांत खोली, जिथे दिवा मंद असेल, आवाज येणार नाही आणि आईला पाठ टेकता येईल. दुसरा, झोपेच्या वह्या छापून विनामूल्य देणे. मोठ्या यंत्रांच्या तुलनेत ही मागणी किरकोळ आहे व तिच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटीही शोभून दिसणार नाही. म्हणूनच ती मागे पडू नये अशी प्रार्थना आहे. पुण्याला जाण्यायेण्यात ज्यांची एका दिवसाची मजुरी बुडते, त्यांच्यासाठी ही सोय जवळ असणे मोलाचे आहे.

त्या मातेची पहिली वही तिच्या परवानगीने मी पाहिली. मुलगा बरा झाला असे म्हणता येणार नाही. बहुतेक रात्री तो अकराला झोपतो व पाचला उठतो. अमावास्येला यात्रेचे भोंगे वाजले, त्या आठवड्यात पुन्हा सारे बिघडले होते. कृमींचे औषध आणि लोहाचे औषध चालू झाल्यानंतरच्या चौथ्या आठवड्यात, शेऱ्याच्या रकान्यात, शाळेत शिकणाऱ्या थोरल्या मुलीकडून तिने दोनच शब्द लिहवून घेतले होते : 'मीबी झोपले.'

आपणा सर्वांच्या सहकार्याने असे शेरे वाढावेत, हीच सदिच्छा. 

आपला नम्र,
प्रशासकीय अधिकारी